साठीनंतरच्या लशी: नागपुरात कोणती, कधी आणि कशी घ्यायची

घरात बाळ असलं की लशीची तारीख चुकत नाही. आशाताई दारात येतात, अंगणवाडीतून निरोप येतो, दवाखान्यातून कार्ड मिळतं. आई-बाबांनी साठी ओलांडली की असा निरोप कुणीच पाठवत नाही. सरकारच्या नियमित लसीकरण कार्यक्रमाचा रोख बालकं आणि गर्भवती यांच्यावर आहे. ज्येष्ठांच्या लशी बहुतेक वेळा खासगीत, स्वतःच्या पैशानं आणि स्वतः विचारून घ्याव्या लागतात. तपासणीच्या घाईत डॉक्टरांच्याही तोंडून हा विषय निघेलच असं नाही. म्हणून हे वेळापत्रक घरातल्याच कुणीतरी सांभाळायचं. तो माणूस तुम्ही आहात, असं धरून पुढचं लिहिलं आहे.

## १. आधी कागद आणि औषधांची पिशवी

डॉक्टरांकडे जाताना हे सोबत घ्या:

- आधार कार्ड किंवा वयाचा दुसरा पुरावा
- चालू औषधांच्या पट्ट्या, जशा आहेत तशा पिशवीत भरून. नावं लिहून नेली की मिलिग्रॅम हमखास चुकतात.
- मागच्या वर्षभरातलं डिस्चार्ज कार्ड, शुगर आणि क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडाच्या तपासणीचे) रिपोर्ट
- कोविडच्या लशीचं प्रमाणपत्र आणि आधी घेतलेल्या कुठल्याही लशीचं बिल
- एका कोऱ्या कागदावर तीन गोष्टी: कुठल्या औषधाची किंवा लशीची अ‍ॅलर्जी आली होती का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, स्टेरॉइड किंवा केमो चालू आहे का

लहानपणी कोणत्या लशी झाल्या, हे आठवत बसू नका. भारतात बालकांच्या लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला आणि १९८५ पासून तो सार्वत्रिक झाला. आज साठी-सत्तरीत असलेल्या माणसाला लहानपणी घटसर्प-धनुर्वाताचे पूर्ण डोस मिळाले असण्याची शक्यता फारच कमी. कागद सापडत नसेल तर लस झालेली नाही असं समजून चालायचं.

आणखी एक. आई-बाबांना खरं सांगा. ‘बी-१२ चं इंजेक्शन आहे’ असं सांगून लस टोचवणारी घरं आहेत. रात्री ताप चढला की त्या माणसाला वाटतं आपल्याला काहीतरी गंभीर झालंय, आणि दुसऱ्या डोसला ते पाऊल उचलत नाहीत. ‘मले काय होते?’ म्हणणाऱ्या बाबांनाही शांतपणे समजावलं तर पटतं. लस त्यांच्या दंडात जाणार आहे, तेव्हा होकारही त्यांचाच हवा.

## २. कोणत्या लशी लागतात

फ्लू. दरवर्षी एक डोस. विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लसही दरवर्षी नव्यानं बनते. ही मृत विषाणूची लस आहे, तिच्यामुळे फ्लू होत नाही. साध्या सर्दीवर तिचा उपयोग नाही. पण फ्लूमुळे न्यूमोनिया होणं, हृदयावर ताण येणं, दवाखान्यात भरती व्हावं लागणं, हे सगळं तिच्यानं कमी होतं. २०१५ साली स्वाइन फ्लूनं नागपूरला किती छळलं, हे ज्यांच्या घरात घडलं त्यांना वेगळं सांगायला नको. ‘तीन प्रकारांची घ्यावी की चार?’ हा प्रश्न आता सोडून द्या. चौथा प्रकार, बी-यामागाता, मार्च २०२० नंतर जगात खात्रीनं सापडलेला नाही. जी ताजी मिळेल ती घ्या.

न्यूमोकोकल, म्हणजे लोकांच्या बोलण्यातली ‘न्यूमोनियाची लस’. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. बाजारात दोन जातींच्या लशी आहेत. एक कॉन्ज्युगेट, जिला डॉक्टर पीसीव्ही म्हणतात. ती १३ किंवा २० प्रकारच्या जंतूंवर चालते. दुसरी पॉलिसॅकराइड, पीपीएसव्ही २३. आकडा मोठा म्हणून २३ चीच चांगली, हा समज चुकीचा आहे. कॉन्ज्युगेट लस शरीराला जास्त पक्की ओळख करून देते. २३ ची लस एकटी घेतली तर काही वर्षांत तिचा जोर ओसरतो. क्रम असा:

- पीसीव्ही २० मिळाली तर एकच डोस. पुढे काही नाही.
- पीसीव्ही १३ घेतली तर किमान १ वर्षानं पीपीएसव्ही २३. प्रतिकारशक्ती कमी असेल, प्लीहा काढलेली असेल, तर डॉक्टर हे अंतर ८ आठवड्यांवर आणतात.
- आधीच २३ घेऊन झाली असेल तर १ वर्ष थांबा, मग पीसीव्ही घ्या.

या दोन लशी एकाच दिवशी घ्यायच्या नाहीत. कुणी ‘एकदाच दोन्ही उरकून टाका’ म्हणालं तर नको म्हणा.

ज्यांची छाती आधीच कमजोर आहे त्यांनी ही लस पुढे ढकलू नये. एम्प्रेस मिल, मॉडेल मिलच्या खात्यांत हयात घालवलेले, कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या बाजूला राहणारे, वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या आया, दम्याचा पंप घेणारे, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले, हे सगळे त्यात आले. विदर्भात सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचं, प्रमाण मोठं आहे. सिकलसेलच्या रुग्णाची प्लीहा नीट काम करत नाही, आणि न्यूमोकोकस जंतू अशाच शरीरात झपाट्यानं पसरतो. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल, फक्त वाहक नव्हे, तर त्याच्यासाठी वयाची साठी गाठायची वाट पाहायची नाही.

नागीण. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की विषाणू नसांच्या मुळाशी दडून बसतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती ढिली पडली की छातीच्या किंवा कंबरेच्या एका बाजूला पट्ट्यासारखे फोड उठतात. ‘नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो’ ही भीती आपल्याकडे अजून घराघरात आहे. विषाणू शरीराच्या एका बाजूच्या नसेत असतो, म्हणून पट्टा मध्यावर थांबतो, विळखा पुरा होत नाही. भीती बाळगायची ती फोड सुकल्यावर राहणाऱ्या दुखण्याची. सदरा टेकला तरी आग, आणि हे महिनोन्‌महिने, काहींना वर्षानुवर्षं. डोळ्याजवळ उठली तर दृष्टीचा प्रश्न.

नागिणीची लस, शिंग्रिक्स, २०२३ पासून भारतात मिळते. ५० वर्षांपुढच्यांसाठी दोन डोस, मध्ये २ ते ६ महिन्यांचं अंतर. ५० च्या पुढच्या लोकांवरील मोठ्या चाचणीत तिनं ९७ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिलं. सत्तरीपुढेही हा आकडा ९० च्या घरात राहिला. आधी नागीण होऊन गेली असली तरी घेता येते, फोड पूर्ण बरे झाल्यावर. कांजिण्या झाल्या होत्या का, हे आठवत नसलं तरी अडत नाही. दुसरा डोस ६ महिन्यांपेक्षा लांबला तर पहिल्यापासून सुरुवात करू नका, राहिलेला तेवढा घ्या.

लस घेण्याआधीच नागीण उठली, तर काव लावण्यात आणि मंत्र टाकण्यात दिवस घालवू नका. विषाणूवरच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर खरा फायदा. हे तीन दिवस परत येत नाहीत.

धनुर्वात-घटसर्प. आपण अजून ‘टीटी’ म्हणतो, पण आता टीडी वापरायची. तिच्यात घटसर्पाचंही संरक्षण असतं. दर १० वर्षांनी एक. आयुष्यात पूर्ण डोस झालेच नसतील तर तीन: आज, महिन्यानं, आणि त्यानंतर ६ ते १२ महिन्यांनी. या तिघांपैकी एक डोस डांग्या खोकल्यासह असलेल्या टीडॅपचा घ्यावा, घरात नातवंड येणार असेल तर नक्कीच. उलट, दर खरचटण्याला टीटी टोचून घेण्याचीही सवय आहे. पूर्ण डोस झालेल्या माणसाला स्वच्छ जखमेसाठी १० वर्षांत आणि माती-शेणाची जखम असेल तर ५ वर्षांत पुन्हा गरज नसते.

सकाळी अंबाझरी-फुटाळ्याला फिरायला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम. कुत्रं चावल्यावर टीटी घेऊन घरी येऊ नका. टीटी रेबीज थांबवत नाही. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. ती सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. कातडी फुटून रक्त आलं असेल तर लशीसोबत जखमेत सीरमही द्यावं लागतं, तेही विचारा.

हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी विषाणूची कावीळ. मधुमेहींनी आणि ज्यांना पुढे डायलिसिसची शक्यता सांगितली आहे त्यांनी आधीच विषय काढावा. नेहमीचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांना. डायलिसिसवर असलेल्यांना मात्रा दुप्पट लागते आणि नंतर रक्तात अँटिबॉडी तपासतात. १० च्या वर आकडा हवा.

## ३. नागपूरचं कॅलेंडर

भारतात फ्लू दोनदा जोर धरतो, पावसाळ्यात आणि जानेवारी ते मार्चमध्ये. आपल्याकडे मोठी लाट पावसाळ्याची. मान्सून नागपुरात जूनच्या मध्याला पोचतो, आणि लस घेतल्यापासून संरक्षण तयार व्हायला सुमारे २ आठवडे लागतात. म्हणून एप्रिलचा शेवट ते मेचा शेवट हा काळ धरा. लक्षात ठेवायला अक्षय तृतीया सोपी. काश्मीरकडच्या नातेवाइकांना ऑक्टोबरमध्ये घ्या म्हणून सांगतात, ते त्यांच्या थंडीसाठी. त्यांचं ऐकून तुम्ही थांबू नका. जूनमध्ये राहून गेली तर जुलैत घ्या. ‘आता काय फायदा’ म्हणून पुढच्या वर्षावर टाकू नका.

इथे एक बारीक खाच आहे. फ्लूच्या लशीच्या खोक्यावर वर्ष आणि गोलार्ध छापलेला असतो. दक्षिण गोलार्धासाठीची लस एस.एच., उत्तरेची एन.एच. एप्रिल-मेमध्ये दुकानात मागच्या हिवाळ्याची एन.एच. शिल्लक असू शकते. तिची मुदत संपलेली नसते, त्यामुळे विकणारा चूक करतोय असंही नाही. पण तुम्हाला हवी ती चालू वर्षाची एस.एच. खोकं हातात घेऊन वाचा, मगच फोडू द्या.

बाकीच्या लशींना ऋतू नाही. तरी एक सोय सांगतो: न्यूमोकोकल फ्लूच्याच दिवशी दुसऱ्या दंडात घ्या, एक फेरी वाचते. शिंग्रिक्स मात्र ऑगस्ट-सप्टेंबरवर ठेवा. या लशीनंतर एक-दोन दिवस अंग मोडून येतं, आणि नवतप्यात ४५ अंशांच्या उन्हात वयस्क शरीरावर हा भार नको. पहिला डोस पोळ्याच्या सुमारास, दुसरा दिवाळीनंतर, म्हणजे थंडीत, असं बसतं.

## ४. कुठे घ्यायची, किती पैसे

आपल्याकडे ‘मेडिकल’ म्हटलं की मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, हे बाहेरून राहायला आलेल्यांनी ध्यानात ठेवावं. ‘मेडिकलमध्ये मिळेल’ या एका वाक्यावर लोक दुकानाऐवजी तिकडे पोचतात. मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स किंवा जवळचं मनपाचं आरोग्य केंद्र, कुठेही जाण्याआधी साठा आहे का ते विचारा. फ्लूची लस राज्य सरकारनं २०१५ नंतर जोखमीच्या गटांसाठी मोफत उपलब्ध केली होती, पण ती साठा येईल तशी मिळते. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी मे महिन्यात एकदा चौकशी जरूर करावी. न्यूमोकोकल आणि नागिणीची लस बहुतेकांना खासगीतच घ्यावी लागते.

खासगीत पहिली पसंती तुमच्या नेहमीच्या फिजिशियनला द्या, कारण त्यांना तुमचा इतिहास माहीत असतो. दुसरा चांगला पर्याय बालरोगतज्ज्ञ. हे ऐकून लोक चमकतात, पण लशींचा नीट ठेवलेला फ्रिज, रोजची हाताळणी आणि सराईत नर्स त्यांच्याकडेच असते. नातवंडांच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, अनेकजण मोठ्यांनाही देतात. धंतोली-रामदासपेठेत जाणार असाल तर गाडी लावायची सोय आणि लिफ्ट चालू आहे का, हेही आधीच विचारून घ्या. गुडघे धरून दोन जिने चढलेल्या माणसाचं बीपी मोजण्यात अर्थ नसतो.

खर्चाचा अंदाज: फ्लू दीड-दोन हजारांच्या आत-बाहेर, न्यूमोकोकल त्याच्या दुप्पट-तिप्पट, शिंग्रिक्सचे दोन डोस मिळून वीस हजारांच्या घरात. टीडी अगदी स्वस्त. छापील किंमत खोक्यावर असते, टोचण्याची फी वेगळी. दोन्ही आकडे आधी विचारा.

७० वर्षांपुढच्यांना मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, बाहेरून घ्यायच्या लशीसाठी नाही. बहुतेक विमा पॉलिसींचंही तेच. पैसे रोख न देता यूपीआयनं किंवा कार्डनं द्या आणि बिल सांभाळा. आई-बाबांची विमा पॉलिसी नसेल तर जुन्या करप्रणालीत त्यांच्या औषधोपचाराच्या खर्चावर वजावट मिळू शकते, आणि तिथे रोखीचं बिल चालत नाही. सीएला दाखवा.

सगळं एकदम परवडत नसेल तर आधी टीडी आणि फ्लू, मग न्यूमोकोकल, मग नागीण. ज्यांची छाती कमजोर आहे त्यांनी न्यूमोकोकल फ्लूच्या बरोबरीनं धरावी.

## ५. लस थंड राहिली का

नागपुरात सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. लस २ ते ८ अंशांतच राहिली पाहिजे. मे महिन्यात दुपारी गांधीबागेतल्या दुकानातून लस घ्यायची, प्लास्टिकच्या पिशवीत टाकायची, गाडीच्या डिकीत ठेवायची, वाटेत बर्डीवर एक काम उरकायचं आणि मग दवाखान्यात द्यायची, असं सर्रास चालतं. अशी लस टोचली तर त्रास होणार नाही. पण ती काम करेल याची खात्री उरत नाही, आणि हे तुम्हाला कधी कळणारही नाही.

दुसरी चूक उलट्या टोकाची, आणि ती काळजी करणारी माणसंच करतात. लस थेट बर्फावर ठेवली की ती गोठते. फ्लू, न्यूमोकोकल, टीडी, हिपॅटायटिस बी, शिंग्रिक्स, या सगळ्या लशी गोठल्या की वाया जातात. वितळून पुन्हा पातळ दिसल्या तरी गेलेली ताकद परत येत नाही.

म्हणून पहिला नियम: लस स्वतः वाहून न्यायचीच नाही. ज्या दवाखान्यात टोचणार तिथेच साठा असेल असा दवाखाना शोधा. नाहीच जमलं तर असं करा:

- सकाळी ९ च्या आत उरका.
- रुंद तोंडाचा थर्मास किंवा लशीचा डबा घ्या. बर्फाचा पॅक फ्रीझरमधून काढून बाहेर ठेवा. हलवल्यावर आत पाणी हिंदकळल्याचा आवाज आला की तो वापरण्याजोगा झाला.
- पॅक आणि लशीचं खोकं यांच्यामध्ये वर्तमानपत्राची जाड घडी घाला. खोकं बर्फाला टेकलं नाही पाहिजे.
- दुकानातून थेट दवाखाना. तासाच्या आत पोचा.
- घरच्या फ्रिजमध्ये ठेवणं भागच पडलं तर मधला कप्पा. दारात नको, फ्रीझरखालच्या ट्रेमध्ये तर नकोच.

दवाखान्यात दोन प्रश्न विचारायला संकोच करू नका: फ्रिजमध्ये थर्मामीटर आहे का, आणि लाइट गेली तर काय करता? नीट चालवणाऱ्या ठिकाणी दिवसातून दोनदा तापमान लिहिलेला कागद फ्रिजवरच लावलेला असतो. आत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवलेल्या दिसल्या तर चांगलं, त्या थंडावा धरून ठेवतात. आत जेवणाचा डबा आणि दह्याचं भांडं दिसलं तर दुसरा दवाखाना बघा.

## ६. टोचण्याच्या दिवशी

उपाशी जाऊ नका. नाश्ता, शुगरची आणि बीपीची गोळी नेहमीप्रमाणे. शुगर वाढलेली आहे म्हणून लस पुढे ढकलायची गरज नाही. साधी सर्दी असेल तरी चालतं, १०१ च्या वर ताप असेल तर उतरू द्या.

कपड्यांकडे लक्ष द्या. ही बाब बारीक वाटते, पण इथेच बिघडतं. आईच्या ब्लाउजची बाही घट्ट असली की ती वर सरकत नाही. मग नर्स जागा मिळेल तिथे टोचते, किंवा गळ्याकडून बाही ओढून खांद्याच्या सांध्यावर टोचते. सांध्यात गेलेली सुई महिनोन्‌महिने खांदा दुखवते. सैल बाहीचा ब्लाउज घालून न्या. बाबांना सदऱ्याची एक बाही पूर्ण काढायला सांगा. खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटं खाली, दंडाच्या मांसल भागात, ही बरोबर जागा. ‘हातात नको, खाली द्या’ असा हट्ट काही जण करतात. कमरेखाली चरबीचा थर जाड असतो, लस स्नायूपर्यंत पोचत नाही आणि कमी लागू पडते.

हे आधी सांगायचंच:

- वॉरफरिन, अ‍ॅसिट्रोम, क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर. ती बंद करायची नाही. बारीक सुई वापरतात आणि टोचल्यावर २ मिनिटं दाबून धरायचं, चोळायचं नाही.
- डायलिसिसचा फिस्टुला ज्या हातात आहे तो हात नको. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हातही नको.
- केमो किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर लशीची वेळ त्याच डॉक्टरांकडून ठरवून आणा.
- आधी कधी गिया-बारे, म्हणजे जीबीएस, हा नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पाडणारा आजार होऊन गेला असेल तर. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसचे रुग्ण वाढले तेव्हा लशींबद्दल बरीच भीती पसरली. त्या साथीचा संबंध दूषित पाण्याशी होता.

टोचण्याआधी खोक्यावरचं नाव, मुदत आणि बॅच नंबर स्वतः वाचा. शिंग्रिक्सच्या बाबतीत अजून एक: तिच्या खोक्यात दोन कुप्या असतात, एकीत पावडर, दुसरीत द्रव. दोन्ही मिसळूनच लस तयार होते. नुसता द्रव टोचला जाण्याची चूक घडते. नर्स मिसळताना समोर बसा. मिसळलेली लस लगेच टोचायची.

टोचल्यावर १५ मिनिटं तिथेच बसायचं, अ‍ॅलर्जीचा इतिहास असेल तर ३० मिनिटं. गंभीर अ‍ॅलर्जी क्वचितच येते, पण आली तर तिथे अ‍ॅड्रेनलिन हवं. ‘अ‍ॅड्रेनलिन आहे ना?’ हा प्रश्न उद्धट नाही.

## ७. पुढचे तीन दिवस

दंड दुखणं, अंग कसकसणं, हलका ताप, थकवा, हे एक-दोन दिवस अपेक्षित आहे. शिंग्रिक्सनंतर जरा जास्त, तेव्हा दुसऱ्या दिवशी लग्न-प्रवास ठरवू नका. थंड पाण्याची पट्टी ठेवा, हात हलता ठेवा. दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल. आधीपासूनच घेऊन ठेवायची गरज नाही.

उन्हाळ्यात एक फरक ओळखता आला पाहिजे. लशीचा ताप पहिल्या दोन दिवसांत येतो, सहसा १०२ च्या आत राहतो, आणि माणूस नीट बोलतो. ताप १०३-१०४ च्या वर गेला, अंग तापून कोरडं पडलं, बोलणं असंबद्ध झालं, तर तो उष्माघात समजा. ‘लशीमुळे असेल’ म्हणून थांबू नका. अंगावर पाणी मारत, पंखा लावून तातडीनं रुग्णालय गाठा. लघवीची गोळी घेणाऱ्यांना या दिवसांत पाणी किती द्यायचं, हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

ताप तीन दिवसांपुढे राहिला, सूज कोपराच्या खाली उतरली, किंवा दम लागला तर डॉक्टरांना दाखवा.

## ८. नोंद

लशीच्या खोक्याचा किंवा कुपीचा स्टिकर मागून घ्या आणि छोट्या वहीत चिकटवा. बाजूला तारीख, कोणता दंड, कुठे घेतली, आणि पुढच्या डोसची तारीख. मोबाइलमध्ये फोटो काढून भावंडांना पाठवा. बाबा सहा महिने पुण्याला मुलीकडे आणि सहा महिने नागपूरला असतात, अशा घरांत न्यूमोकोकलचा डोस दोनदा होणं किंवा अजिबात न होणं सारखंच घडतं.

## ९. त्याच फेरीत एवढं तपासून घ्या

दवाखान्यापर्यंत गेलाच आहात तर औषधांची पिशवी डॉक्टरांपुढे रिकामी करा. दोन डॉक्टरांनी दिलेली एकच गोळी दोन नावांनी चालू असल्याचं अशाच वेळी सापडतं. बीपी बसून आणि उभं राहून तीन मिनिटांत, असं दोनदा मोजायला सांगा. वरचा आकडा २० नं खाली आला तर सकाळी उठताना पडण्याचा धोका आहे. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी माणसाची बी-१२ पातळी एकदा बघून घ्यावी.

घरी एक चाचणी तुम्हीच करू शकता. खुर्चीपासून ३ मीटरवर फरशीवर खूण करा. आईनं उठायचं, नेहमीच्या चालीनं खुणेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मोबाइलवर वेळ लावा आणि शेजारी उभे राहा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर तोल आणि पायांची ताकद यावर फिजिओथेरपिस्टकडून काम सुरू करा. बाथरूममध्ये पकडायला दांडा मात्र आजच बसवा.

## १०. जे घराबाहेर पडू शकत नाहीत

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरीच लस देता येते, आणि न्यूमोनियाचा धोका त्यालाच सगळ्यात जास्त असतो. तुमच्या डॉक्टरांची लेखी चिठ्ठी घ्या, त्यांच्याच दवाखान्यातली नर्स बोलवा. दुकानातल्या माणसाला घरी बोलावून टोचून घेऊ नका. सकाळची वेळ ठरवा. नर्स लशीचा डबा आणि अ‍ॅड्रेनलिन घेऊन येईल, हे आदल्या दिवशी फोनवर पक्कं करा, आणि टोचल्यावर अर्धा तास थांबण्याचंही. घरात दुसरे ज्येष्ठ असतील, शेजारचे आजी-आजोबा असतील, तर त्याच फेरीत सगळ्यांची फ्लूची लस ठेवा, येण्याची फी वाटली जाते. सेवा करणारी बाई किंवा दादा यांनाही त्याच दिवशी फ्लूची लस द्या, पैसे तुम्ही भरा. दिवसभर आजींच्या सर्वांत जवळ तेच असतात. नर्स दारात आली की आधी डबा उघडायला सांगा: खोकं बर्फाला टेकलेलं नाही ना, आणि आतला थर्मामीटर २ ते ८ मध्ये आहे ना, हे बघून मगच त्यांना आत न्या.